गेम खेळून काय मिळालं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की व्हिडिओ गेम खेळून आयुष्यात किंवा नोकरीत कामाला येईल असं काही शिकलात का. पत्रं आणि मेसेज इतके आले की सगळे छापणं शक्य नाही, त्यातले काही निवडलेत. नावं कुणाचीच देत नाही, गाव तेवढं ठेवलंय. मी स्वतः शाळेत असल्यापासून खेळते आणि नोकरीत माणसं निवडायचं कामही बरीच वर्षं करतेय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलता येईल असं वाटतं. एक गोष्ट आधीच सांगून टाकते कारण ती पुढे परत परत येणार आहे. गेम आपोआप काही शिकवत नाही. हरल्यावर आपण नेमके कुठे हरलो हे जो बसून बघतो त्याच्या पदरात काहीतरी पडतं, बाकीच्यांचा वेळ मजेत जातो, आणि मजेत वेळ जाण्यातही काही वाईट नाही.

ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेकंड इयरपासून आमच्या बीजीएमआय (मोबाइलवरचा लढाईचा गेम) स्क्वॉडचा आयजीएल (गेममधला लीडर) आहे, म्हणजे कुठे उतरायचं, कधी रोटेट करायचं, कुणाशी भिडायचं हे मीच सांगतो. कॉलेज लेव्हलच्या दोन टूर्नामेंट जिंकल्यात. आता प्लेसमेंट सुरू होतायत, हे रिझ्युमेत टाकू का? मित्र म्हणतात एचआरवाले हसतील. (नाशिक)

टाक, बिनधास्त टाक. फक्त काय लिहितोस ते बघ. "कॉन्कररपर्यंत पोचलो" असं लिहिलंस तर ज्यानं गेम कधी उघडलेला नाही त्याला त्यातलं काही कळणार नाही, आणि जो खेळलाय त्याला एवढंच कळेल की सीझनभर याच्याकडे रँक पुश करायला वेळ होता. मला समोरच्या पोराकडून ऐकायचं असतं ते वेगळंच, की चौघांची सबमिशन, घरचे, हॉस्टेलचं वायफाय हे सगळं सांभाळून रोज रात्री स्क्रिम्सची म्हणजे सरावाच्या मॅचची वेळ कशी जुळवलीस, एखाद्याचा फॉर्म गेला तेव्हा त्याला बाहेर बसवायचा निर्णय कुणी घेतला, तो त्याला तोंडावर कसा सांगितला आणि त्यानंतर तो ग्रुपमध्ये राहिला का गेला. हे काम आहे रे, पगार नव्हता एवढंच.

याची एक जुनी केस आहे. २००६ च्या सुमारास स्टीफन जिलेट नावाच्या माणसाला याहूमध्ये इंजिनिअरिंग ऑपरेशन्सचं सीनियर डायरेक्टरपद मिळालं, आणि तो वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये गिल्ड म्हणजे खेळाडूंचा संघ चालवायचा ही गोष्ट त्या निवडीत त्याच्या बाजूनं धरली गेली, यावर तेव्हा बरंच लिहून आलं होतं. २००८ मध्ये तो स्टारबक्सचा सीआयओ म्हणजे आयटीचा प्रमुख झाला. पण गेम खेळला म्हणून नोकरी लागली असं कुणी समजू नये, टेक्नॉलॉजीतला अनुभव त्याच्याकडे होताच, गिल्डनं त्यात भर घातली. तुझंही तसंच ठेव, आधी प्रोजेक्ट आणि कोडिंग, मग ही ओळ.

आणि गिल्ड चालवणं म्हणजे काय असतं ते जरा सांगते, कारण तुला स्वतःचं काम कुठल्या शब्दात मांडायचं ते त्यातून कळेल. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला २००४ मध्ये, आणि सुरुवातीच्या काळात मोल्टन कोअरसारख्या रेडला म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या मोठ्या मोहिमेला ४० जण लागायचे. वेगवेगळ्या शहरातली ४० माणसं, कुणाला कुणी पैसे देत नाही, तरी ठरलेल्या रात्री ठरलेल्या वेळेला हजर पाहिजेत, आणि तासन्‌तास झुंजून बॉस म्हणजे मोहिमेतला मोठा शत्रू पडला की त्यातून निघणार दोनचार वस्तू. त्या कुणाला द्यायच्या? यावरून गिल्डच्या गिल्ड फुटल्यात. मग खेळाडूंनी स्वतःच डीकेपी म्हणजे ड्रॅगन किल पॉइंट्सची पद्धत लावली, जी खरं तर त्याच्याही आधीच्या एव्हरक्वेस्ट या गेममधून आलेली. रेडला आलास की पॉइंट जमा, वस्तू घेतलीस की पॉइंट खर्च. गेमच्या कंपनीचा यात काही संबंध नाही, लोक आपापल्या शीटवर हिशेब ठेवायचे. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की वाटणीचा नियम बॉस पडायच्या आधी ठरलेला असायचा. ऑफिसात बोनस कुणाला, क्रेडिट कुणाचं, प्रेझेंटेशनवर नाव कुणाचं हे सगळं आपण काम झाल्यावर ठरवतो आणि मग महिनाभर लोक एकमेकांशी धड बोलत नाहीत. तुमच्या स्क्वॉडला टूर्नामेंटचे पैसे मिळाले असतील तर ते कसे वाटायचे हे आधी ठरलं होतं का? ठरलं असेल तर ते इंटरव्ह्यूत सांगण्यासारखं आहे.

लीडरच्या किरकोळ कामांबद्दलही बोल. आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा ईव्ह ऑनलाइन म्हणून गेम आहे, अवकाशातला, जानेवारी २०१४ मध्ये त्यातल्या बी-आर५आरबी नावाच्या सिस्टिममध्ये लढाई झाली, ७००० हून जास्त खेळाडू, २१ तासांच्या आसपास चालली, ७५ टायटन जहाजं खलास, खऱ्या पैशात नुकसान ३ लाख डॉलरच्या घरात गेलं असा अंदाज तेव्हा निघाला. सुरुवात कशानं झाली तर त्या जागेवरचा ताबा टिकवायचं बिल वेळेत भरलं गेलं नाही. बस. ज्या पोरानं कधी टूर्नामेंटचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरलाय त्याला यातलं सगळं कळेल.

आता इंटरव्ह्यूला जाताना एक हरलेली मॅच तयार ठेव. तू काय कॉल दिलास, का दिलास, कुठे फसला, पुढच्या आठवड्यात स्क्वॉडनं काय बदललं. गेमचे शब्द न वापरता दोन मिनिटात सांगता आलं पाहिजे, आईला सांगून प्रॅक्टिस कर. जिंकलेल्या टूर्नामेंट एका ओळीत उरक. आणि हसला एखादा तर हसू दे, हसून तो पुढचा प्रश्न विचारेल आणि तुला बोलायला मिळेल.

माझा मुलगा दहावीत आहे. मोबाइल मागितला की म्हणतो, "आई, यानं माझं डिसिजन मेकिंग सुधारतं, गेम खेळणारे डॉक्टर जास्त चांगलं ऑपरेशन करतात, तसा अभ्यास झालाय." खरंच असं काही आहे की मला गुंडाळतोय? (इचलकरंजी)

ताई, अभ्यास खरा आहे. २००७ मध्ये सर्जरीच्या एका अमेरिकन जर्नलमध्ये तो आला होता, न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायलमधल्या डॉ. जेम्स रॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यात ३३ सर्जन होते, आणि ज्यांनी पूर्वी आठवड्याला ३ तासांपेक्षा जास्त गेम खेळले होते त्यांच्या लॅप्रोस्कोपीच्या (दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या) सरावात चुका ३७ टक्के कमी आणि वेग २७ टक्के जास्त दिसला. आता मुलाला दोन गोष्टी दाखवा. पहिली, आठवड्याला ३ तास, दिवसाला नाही. दुसरी, दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टर स्क्रीनकडे बघत हातातली अवजारं चालवतो, म्हणजे ते काम मुळातच गेमच्या जवळचं आहे, आणि ते सगळे आधी मेडिकल शिकून सर्जन झालेले होते, शिवाय गेममुळे हात चांगला झाला की हात चांगला असलेलेच गेमकडे वळले हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. गेममध्ये जे केलंत त्याच्या अगदी शेजारचं काम सुधारायची शक्यता जास्त, दहावीचं बीजगणित त्याच्या शेजारी राहत नाही.

तरी तो शिकतोय की नाही हे ओळखायची एक सोपी युक्ती सांगते. जेवताना सहज विचारा, आज कुठली मॅच हरलास आणि का. रोज "टीममेट नूब (नवखे) होते", "लॅग होता (नेट अडखळत होतं)" एवढंच येत असेल तर तो नुसता खेळतोय. पण "झोन यायच्या आधी मी ते घर सोडायला पाहिजे होतं, लूटच्या नादात थांबलो" असं काही आलं तर पोरगं विचार करतंय, आणि मग हाच प्रश्न तुम्ही त्याला गणिताच्या चाचणीबद्दल विचारू शकता, त्याच आवाजात, न ओरडता. माझा अनुभव असा आहे की मुलांना हा प्रश्न गेमबद्दल कुणी मोठ्या माणसानं विचारला की ती खुलतात, कारण घरात त्यांना गेमबद्दल फक्त "बंद कर" एवढंच ऐकायची सवय असते.

अजून एक, मॅच चालू असताना फोन हिसकावू नका. ती पॉजला टाकता येत नाही, अर्धा तास चालते, आणि याच्या भरवशावर बाकीचे तिघं बसलेले असतात, मध्येच उठणं म्हणजे त्याच्या दृष्टीनं शब्द मोडणं. सुरू करायच्या आधी ठरवा की ही एक मॅच, संपली की फोन माझ्याकडे. दहावीचं वर्ष आहे तेव्हा दिवसाला किती हे तुम्ही ठरवा, त्यात लोकशाही नको.

काळजी कधी करायची तेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर आपल्या आजारांच्या यादीत घेतलाय, ती यादी २०२२ पासून लागू आहे. स्वतःवर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, नुकसान दिसत असून थांबता येत नाही, आणि हे साधारण १२ महिने चाललंय, असं चित्र असेल तर ते पाहतात. चाचणीत मार्क कमी पडले म्हणजे आजार नव्हे. पण झोप, जेवण, शाळा, मित्र सगळंच सुटत चाललं असेल तर वर्षभर वाट बघू नका, टेली-मानसच्या १४४१६ नंबरवर मराठीतही बोलता येतं आणि फुकट आहे. आणि फोनमध्ये पैसे लावून पैसे जिंकायचं काही ॲप आहे का ते मात्र आजच बघा. ती वेगळीच गोष्ट आहे, ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं असल्या खेळांवर बंदी आलीय, त्याला "गेम" म्हणून तो तुमच्यापुढे आणत असेल तर अजिबात ऐकू नका.

चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत लाईन सुपरवायझर आहे. रात्री फॅक्टोरिओ हा कारखाना उभारायचा गेम खेळतो. बायको म्हणते दिवसा फॅक्टरी आणि रात्री पण फॅक्टरीच. पण मॅडम, त्यातले बेल्ट बघून बघून मला आमच्या लाईनचं दुखणं कुठंय ते कळायला लागलंय. हे वरच्यांना कसं पटवू? (राजगुरुनगर)

तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण खेळातून शिकणं म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण या गठ्ठ्यात नव्हतं.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगते. फॅक्टोरिओ हा चेक प्रजासत्ताकातल्या वूब सॉफ्टवेअरचा गेम, पूर्ण रूपात २०२० मध्ये आला. परग्रहावर अडकलेला माणूस, हातानं लोखंड आणि तांबं खणतो, मग मशीन लावतो, मग बेल्ट, आणि शेवटी रॉकेट उडवायचं. सोपं वाटतं. पण साधं हिरवं सर्किट घ्या, एकाला १ लोखंडी प्लेट आणि ३ तांब्याच्या वायरी लागतात, एका तांब्याच्या प्लेटीतून निघतात २ वायरी, त्यामुळे वायरच्या ३ मशीनला सर्किटची २ मशीन असं प्रमाण बसतं. हे चुकलं की पुढे दहा ठिकाणी काहीतरी अडतं आणि जिथे अडलेलं दिसतं तिथे चूक नसते. नवीन माणूस भरलेला बेल्ट बघून खूष होतो, मस्त माल आहे म्हणून. जो मुरलाय त्याला दिसतं की बेल्ट भरून उभा आहे म्हणजे पुढच्याला खाता येत नाहीये, आणि बेल्ट रिकामा पळतोय म्हणजे मागून येत नाहीये, आणि या दोन्हीच्या मध्ये जे मशीन आहे तिथे जायचं, बाकी कुठे नाही. इतर ठिकाणी कितीही मशीन वाढवली तरी एक नग जास्त निघणार नाही. तुम्ही रोज लाईनवर बिन साठलेले बघता तेच हे.

शॉपिफाय या ऑनलाइन दुकानांसाठी सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीचे टोबी लुट्के यांनी तर जाहीर सांगितलंय की आमच्या लोकांनी फॅक्टोरिओ घेतला तर पैसे कंपनी देईल. पण तुमच्या साहेबांना यातलं काही सांगू नका, गेमचं नाव निघालं की चर्चा गेमवर जाईल आणि लाईन राहून जाईल. एक शिफ्ट निवडा, दर अर्ध्या तासानं प्रत्येक स्टेशनच्या आधी किती बिन उभे आहेत ते लिहा, बस एवढंच, एक कागद भरेल. कागदावर जे स्टेशन उठून दिसेल त्याच्या ऑपरेटरला साहेबांच्या आधी भेटा. इथेच गेम आणि चाकण वेगळे होतात. गेममध्ये मशीन उचलून दुसरीकडे ठेवलं तर त्याला काही वाटत नाही, आणि किती माल निघतोय याचा आलेख एक बटण दाबलं की समोर येतो. लाईनवर आलेख तुम्हाला चालत जाऊन गोळा करावा लागतो आणि मशीनमागे माणूस आहे, ज्याला बहुतेक वेळा कारण माहीत असतं, टूल बदलायला वेळ जातो, फिक्श्चर झिजलंय, मागून येणाऱ्या मालाला बर (कडेला राहिलेला धातूचा खरखरीत काठ) असतो, आणि त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं. त्याला न विचारता कागद वर गेला तर तो तुमच्यावर कायमचा बिथरेल आणि त्यात त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. दोघं मिळून जा. वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्यांचं म्हणणंही रास्त आहे, एखादी रात्र फॅक्टरीला सुट्टी द्या.

आम्ही कॅरम खेळलो, पत्ते खेळलो, विटीदांडू खेळलो. त्यातूनही हरणं-जिंकणं शिकलोच की. व्हिडिओ गेममध्ये असं वेगळं काय आहे? निवृत्त शिक्षक आहे, नातवाशी रोज वाद होतो. (रत्नागिरी)

काका, हरणं-जिंकणं कॅरमनं शिकवलं यात वादच नाही. एका बाबतीत मात्र नातवाची बाजू घेते, आणि ती म्हणजे नोंद.

टेट्रिसचं उदाहरण देते, ते वरून ठोकळे पडतात तो. त्याची १९८९ ची निन्टेंडोवरची आवृत्ती आहे, तिच्यात २९ व्या लेव्हलला ठोकळे इतके वेगात येतात की बटण दाबून धरलं तर ठोकळा कडेला पोचायच्या आत खाली पडतो, म्हणून बरीच वर्षं सगळे धरून चालले होते की माणसासाठी गेम इथे संपतो. मग एकानं बटण दाबून धरायच्या ऐवजी थरथरत्या बोटानं भराभर मारायची रीत आणली. मग अजून एकानं कंट्रोलरच्या मागच्या बाजूला बोटं एकामागून एक आपटायची रीत काढली, ती त्याहून वेगवान. हे सगळे आपापले खेळ रेकॉर्ड करून सगळ्यांना दाखवत होते, बोटं कशी धरायची तेसुद्धा, स्पर्धेत समोर बसणाऱ्यालाही. डिसेंबर २०२३ मध्ये ओक्लाहोमाच्या विलिस गिब्सन या १३ वर्षांच्या मुलानं १५७ व्या लेव्हलला गेम अक्षरशः गोठवला, पुढे चालायलाच तयार नाही, माणसाच्या हातून असं पहिल्यांदा झालं. तो एकटा त्या जागी पोचला नव्हता, आधीच्यांची सगळी रीत त्याला पाहायला मिळाली होती.

आपल्या आळीत कॅरमचा एखादा असा उस्ताद असायचा की बघत राहावं, पण त्याचा हात त्याच्याबरोबर गेला. तुमच्याकडेही शिकवण्याची चाळीसेक वर्षांची रीत असेल, फळ्यावर अपूर्णांक कसे मांडायचे वगैरे. नातवाला सांगा की माझं रेकॉर्ड कर. वाद तिथेच मिटेल कदाचित, नाही मिटला तरी रेकॉर्ड राहील.

मी आयटी हेल्पडेस्कला आहे, व्हॅलोरंट हा टीमनं खेळायचा नेमबाजीचा गेम खेळते. माइक चालू केला आणि मुलीचा आवाज ऐकला की काय काय बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. भाऊ म्हणतो निब्बर हो, ऑफिसात पण कामाला येईल. पटत नाही पण उत्तरही सुचत नाही. (नागपूर)

पटवून घेऊही नकोस. घाण ऐकून गप्प बसायची सवय हे काही कौशल्य नाही, आणि ऑफिसात ती नेली तर तिथलेही लोक तिचा फायदाच घेतील. म्यूट कर, रिपोर्ट कर, दर वेळी, कंटाळा न करता. आणि जमेल तेव्हा स्वतःची पाच जणांची टीम बांध, पहिल्याच दिवशी सांग की शिवी दिली की बाहेर, आणि पहिल्यांदा कुणी दिली तेव्हा खरंच बाहेर काढ, मग तो टीममधला सगळ्यात भारी नेम असलेला का असेना. भाऊ खेळत असेल तर त्याला विचार की तो लॉबीत (खेळाडू जमतात त्या ऑनलाइन जागेत) असताना कुणी असं बोललं तर तो काय करतो. बहुतेक मुलं काहीच बोलत नाहीत, आणि खरं काम तिथे आहे.

एक गोष्ट तुला आवडेल. २०१९ मध्ये एपेक्स लेजंड्स हा गेम आला त्यात पिंगची म्हणजे बटण दाबून खूण करायची पद्धत इतकी नीट बसवली होती की एका बटणावर शत्रू इथे, बंदूक तिथे, मी तिकडे चाललोय, हे सगळं एक शब्द न बोलता टीमला कळायचं, आणि मग बाकीच्या गेमनीही तसं काहीतरी आणलं. अनोळखी लोकांबरोबर खेळताना मी स्वतः माइक बंदच ठेवते आणि पिंगवर चालवते. हे ऑफिसात नक्की ने. तुमच्या मीटिंगमध्येही कुणीतरी असेल जिला किंवा ज्याला मोठ्यानं बोलता येत नाही पण माहिती सगळी असते, त्यांच्यासाठी मीटिंगच्या आधी लिहून द्यायची सोय कर म्हणून मॅनेजरला सांग.

मूळचा लातूरकडचा, सदाशिव पेठेत अभ्यासिका लावून एमपीएससी करतोय. तीनदा प्रिलिम निघाली, मेन्स नाही. रूममेटच्या पीसीवर डार्क सोल्स हा अवघड गेम खेळलो, त्यातल्या ऑर्नस्टाइन आणि स्मॉ या बॉसच्या जोडीला हरवायला आठवडा लागला, तेव्हा वाटलं की माणूस टिकून राहिला की जिंकतोच. आता परत अभ्यासाला बसलो की ते खरं वाटत नाही. घरी सांगायचं तरी काय? (पुणे)

तुझं पत्र मी बऱ्याच वेळा वाचलं. तुला खोटा धीर द्यायचा नाहीये, म्हणून जे वाटतं ते सरळ लिहिते.

डार्क सोल्समधला बॉस कितीही अवघड असला तरी तो हरवता येतो हे बनवणाऱ्यानं आधीच बघितलेलं असतं. मेल्यावर काही क्षणात तू बोनफायरपाशी (जिथून गेम परत सुरू होतो तिथे) उठतोस, काय चुकलं ते डोळ्यासमोर ताजं असतं, स्मॉच्या हातोड्याकडे बघत राहिलो आणि ऑर्नस्टाइन मागून आला, लगेच परत जाऊन बघता येतं. आणि तू जिंकलास म्हणून दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. परीक्षेत यातलं एकही खरं नाही. जागा मोजक्या, निकाल महिन्यांनी, आणि मध्येच पॅटर्न बदलतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं आधी २०२३ पासून ठरलं, पुण्यात तुम्ही पोरं रस्त्यावर बसलात, मग ते २०२५ वर गेलं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यामुळे "टिकून राहिला की जिंकतोच" हे त्या बॉसबद्दल खरं आहे, परीक्षेबद्दल नाही, आणि ते खरं वाटत नाहीये ही तुझी कमजोरी नाही, तुला नीट दिसतंय.

मग त्या आठवड्यातलं काय घेऊन जायचं? जिंकल्याचा आनंद ठेव बाजूला. तू प्रत्येक मरणानंतर कारण शोधत होतास, ते घे. परीक्षा कारण सांगत नाही तर ते आपण काढायचं. मेन्सचे मार्क हातात आले की पेपर घेऊन बस आणि गेलेला प्रत्येक मार्क कुठल्या खात्यातला ते लिही. वाचलंच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, आठवत होतं पण लिहिता आलं नाही, वेळच उरला नाही. तीन मेन्सचं असं लिहिलंस आणि तिन्हीत तेच खातं मोठं निघालं तर चौथ्यांदा तोच अभ्यास जास्त तास करण्यात अर्थ नाही, पद्धत बदलायला लागेल. आणि खाती दर वेळी वेगळी निघाली, मार्क कटऑफच्या आसपासच घुटमळत असतील, तर तुझ्यात फार काही चुकत नाहीये, जागा कमी आहेत, आणि मग प्रश्न अभ्यासाचा उरत नाही, अजून किती वर्षं द्यायची याचा उरतो.

तो प्रश्न आज सोडव, निकालाच्या रात्री नाही. खेळणारा प्रत्येक जण ही रात्र ओळखतो, दोन वाजलेत, लागोपाठ हरलोय, डोकं तापलंय, आणि हात म्हणतो अजून एक मॅच. खेळाडू याला टिल्ट म्हणतात. टिल्टमध्ये घेतलेली पुढची मॅच बहुतेक वेळा आधीच्याहून वाईट जाते, आणि ज्यांना रँक टिकवायची असते ते उठायचं कधी हे बसायच्या आधी ठरवतात. तू पण आत्ता, डोकं शांत असताना, कागदावर लिही, अजून एक अटेम्प्ट की दोन, कुठल्या महिन्यापर्यंत, आणि त्याच्या बरोबरीनं दुसरं काय सुरू करणार, कंबाइन (संयुक्त परीक्षा), सरळसेवा, नोकरी, काहीही, पण सुरू करणार. तो कागद घरी दाखव. आई-वडिलांना निकालापेक्षा जास्त त्रास या गोष्टीचा होतो की हे कधी संपणार ते कुणी सांगत नाही.

आणि ज्या माणसानं डार्क सोल्स बनवला त्याच्याबद्दल. हिदेताका मियाझाकी आधी ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीत होता, गेमशी कामाचा संबंध नाही. विशीच्या शेवटी त्याला हे करावंसं वाटलं, अनुभव नाही म्हणून फारसं कुणी घेईना, शेवटी २००४ मध्ये पगार बराच कमी घेऊन फ्रॉमसॉफ्टवेअर या गेम कंपनीत लागला, वय २९. तिथे कंपनीतच वाया गेला असं समजलं जाणारं एक प्रोजेक्ट त्यानं हातात घेतलं, ते २००९ मध्ये डीमन्स सोल्स म्हणून आलं. २०१४ मध्ये तो त्या कंपनीचा अध्यक्ष झाला. सगळ्यांचं असं होत नाही. सांगायचं एवढंच की एका जागी टिकून राहिला म्हणून तो तिथे पोचला नाही, एक चांगली नोकरी त्यानं सोडली होती, आणि त्याबद्दल त्याला कुणी हरलेला म्हणत नाही. तू मेन्सपर्यंत तीनदा गेलास, तुझं लिहिणं स्वच्छ आहे, हे पत्र वाचून मला ते दिसलं. जो कागद लिहिशील तो मलाही पाठव, मनापासून वाचेन.

बारावीला आहे, ड्रॉइंग चांगलं आहे, गेम बनवायच्या क्षेत्रात जायचंय. महाराष्ट्रात काही आहे का की परदेशीच जावं लागतं? (छत्रपती संभाजीनगर)

आहे, आणि तुझ्यापासून फार लांब नाही. युबीसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीचा स्टुडिओ पुण्यात बरीच वर्षं आहे, मुंबईत २०१८ पासून. सुपरगेमिंग हा स्टुडिओही पुण्याचा. आणि नॉडिंग हेड्स गेम्स हेही पुण्याचं, त्यांचा राजी हा गेम २०२० मध्ये आला, आपल्या पुराणातल्या देवदेवता आणि राजस्थानी महालांच्या धर्तीवरची चित्रं, तू ड्रॉइंगवाला आहेस तर ती नक्की बघ. त्यांनी २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता तो पुरा पडला नव्हता, तरी त्यांनी गेम पूर्ण केला. दुसरी बाजूही ऐक, युबीसॉफ्टच्या प्रिन्स ऑफ पर्शिया या जुन्या गेमचा रीमेक त्यांच्या पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे आहे असं २०२० मध्ये जाहीर झालं होतं, २०२२ मध्ये तो त्यांच्याच मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेला. बनवलेलं सगळं लोकांपर्यंत तुमच्याच हातून पोचतं असं नाही, या धंद्यात हे होत राहतं.

एकट्यानं बनवलेला स्टारड्यू व्हॅली हा गेम तुला माहीत असेल, एरिक बरोनला त्याला चारेक वर्षांहून जास्त लागली आणि त्या काळात तो थिएटरमध्ये पार्टटाइम काम करत होता, घरखर्चाला जोडीदाराची साथ होती. त्याच्यासारखं मोठं काही लगेच मनात धरू नकोस. या सुट्टीत गोडो नाहीतर युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर डाउनलोड कर, दोन्ही शिकायला फुकट आहेत, आणि एकाच स्क्रीनचा गेम कर, एक माणूस, एक उडी, एक खड्डा. झाला की तो तुझ्या बहिणीच्या हातात दे आणि ती खेळत असताना तोंड उघडू नकोस, "अगं इथे दाब" म्हणायचं नाही. ती कुठे अडकते ते वहीत लिही, तेवढं दुरुस्त कर, परत दे. ॲडमिशनला पोर्टफोलिओ मागतात तेव्हा चित्रांबरोबर त्या वहीची पानंही लाव.